वॉरंटी सात महिने आधीच सुरू झालेली!

डोंबिवलीत आमचं स्ट्रक्चरल ड्रॉइंगचं छोटं ऑफिस आहे, पाच जणांचं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आमच्या जुन्या कॉम्प्युटरांवर विंडोज ११ चढेना, कारण प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्याही आधीचे. पाच लॅपटॉप एकदम घ्यावे लागले.

दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले, लॅमिंग्टन रोडवर तीन दुकानं फिरले. दोघांनी थेट महागडं ग्राफिक कार्डवालं मॉडेल पुढे केलं. तिसऱ्या दुकानातल्या दादांनी आधी विचारलं, "काम कशावर करता, मॅडम?" ऑटोकॅड, तेही टू-डी, म्हटल्यावर म्हणाले, "मग कार्डाचे पैसे वाचवा. सोळा जीबी रॅम घ्या आणि पुढे वाढवायला एक स्लॉट मोकळा असलेलं मॉडेल घ्या." घरून ऑफिसच्या मशीनवर रिमोट डेस्कटॉपने काम करायचं असेल तर विंडोज होम चालणार नाही, प्रो लागेल, हेही त्यांनीच सांगितलं. माल तिसऱ्या दिवशी टेम्पोने ऑफिसात पोचला.

मग मी कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून बघितले. तीन ठीक. दोन लॅपटॉपची वॉरंटी सात महिन्यांपूर्वीच सुरू झालेली! वर्षाच्या वॉरंटीतले पाचच महिने उरलेले. माल कंपनीतून वितरकाकडे निघाला ती तारीख त्यांच्याकडे धरली होती, आणि ती बदलायची तर ग्राहकाने बिल दाखवायचं.

बिल अपलोड केलं. तीन दिवसांनी उत्तर आलं: बिलावर सीरियल नंबर नाहीत. खरंच नव्हते, नुसतं मॉडेल आणि '५ नग'. मी पेनाने नंबर लिहून पुन्हा पाठवलं, तर हाताने लिहिलेलं चालत नाही. हेल्पलाइनवर दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळी कहाणी. शेवटी सर्व्हिस सेंटरला जा म्हणाले. अर्धा दिवस मोडून गेले, तर तिथला मुलगा म्हणाला, आम्ही फक्त दुरुस्ती बघतो, तारखेचं हेल्पलाइनलाच विचारा. अकरा दिवस गेले. ऑफिसच्या साठवलेल्या पैशांतून घेतलेली वस्तू, आणि ती आपण कधी घेतली हे आपल्यालाच सिद्ध करता येईना. रात्री झोप लागत नव्हती.

दुकानात फोन करायला मन धजत नव्हतं. माल विकला गेला, पैसे मिळाले, आता ते कशाला बघतील? पण केला. दादा म्हणाले, "नंबर आम्ही बिलावर टाकायला हवे होते, चूक आमची. आता तुम्ही कुणाला फोन करू नका, मी बघतो."

त्याच संध्याकाळी पाचही सीरियल नंबर छापलेलं बिल मेलवर आलं, बिल क्रमांक तोच, तारीख तीच. वितरकाकडून त्यांनी माल कधी उचलला त्या बिलाची प्रतही त्यांनी जोडली आणि डीलर म्हणून तक्रार स्वतः नोंदवली. दर दोन दिवसांनी त्यांचा फोन यायचा. काहीच हाललं नसेल तर तेही सांगायचे, आणि मला त्याचाच आधार वाटायचा.

तुम्ही ऑफिससाठी घेत असाल तर बिल फाडायच्या आधीच जीएसटी नंबर लिहून द्या, नाहीतर १८ टक्क्यांचं क्रेडिट अडकतं. (हे मी केलं होतं.) सीरियल नंबर बिलावर छापूनच घ्या. आणि खोकी फोडली त्याच दिवशी वॉरंटी तपासून स्क्रीनशॉट ठेवा. मी चार दिवस उशीर केला होता.

नवव्या दिवशी दादांचा फोन आला, "आता बघा." मी दोन्ही नंबर टाकले आणि बिलाची तारीख त्यांना फोनवरच वाचून दाखवली. डोळे भरून आले होते. ऑफिसच्या यूपीएसच्या बॅटऱ्या बदलायच्या आहेत, ती यादी त्यांनाच पाठवली आहे.