समृद्धीवर १३.५, मांजरसुंब्याच्या घाटातून १७.४ : छोट्या टर्बो गाडीचं खरं ॲव्हरेज

आधी आकडे देतो, लिटरला किती किलोमीटर याचे. मला निघण्याआधी हे कुणी सांगितले असते तर बरं झालं असतं.

संभाजीनगर ते तुळजापूर : १७.४. नांदेड ते जालना, सगळ्यात वाईट रस्ता धरून : १५.२. जालना ते वैजापूर, समृद्धी महामार्गानं : १३.५.

गाडी एक लिटरची, तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन, सहा गिअर, टाकी ३७ लिटरची. आत आम्ही तिघं आणि डिकीभर सामान. मे महिन्याचा दुसरा आठवडा, त्यामुळे एसी बंद करायचा प्रश्नच नव्हता. गाडी घेताना शोरूममधल्या पोरानं "हसतखेळत वीस देते सर" असं सांगितलं होतं, आणि मीही तो आकडा धरून चार दिवसांच्या पेट्रोलचा हिशेब मांडला होता. तो हिशेब पहिल्याच टाकीला कोलमडला.

विसाचा आकडा खोटा नाही, पण तो आपल्या रस्त्यावरचा नाही. गाड्यांची अधिकृत तपासणी करणाऱ्या एआरएआय या संस्थेच्या चाचणीत गाडी रोलरवर पळते. एसी बंद असतो, वेग ९० च्या वर जात नाही आणि सगळ्या चाचणीचा सरासरी वेग ताशी ३२ किमीच्या आसपास पडतो. अशा हलक्या चालीत टर्बोला काही काम नसतं, गाडी साध्या एक लिटरच्या इंजिनासारखी चालते. आपण मात्र ती घेतो टर्बोसाठी. टर्बो जास्तीची हवा आत ढकलतो, त्या हवेला जुळेल एवढं पेट्रोल इंजिनाला द्यावंच लागतं. म्हणजे तीच गाडी पायाखाली दोन वेगवेगळी इंजिनं घेऊन फिरते आणि कुठलं चालवायचं ते आपला उजवा पाय ठरवतो. भर उन्हात आणखी एक गोष्ट होते. आत जाणारी हवा आधीच तापलेली असते, नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक) होऊ नये म्हणून गाडीतला संगणक ठिणगी उशिरा टाकतो, आणि जोर फार वेळ लावला तर इंजिन थंड राहावं म्हणून जास्तीचं पेट्रोलही सोडतो. ४२ अंशांत पाय दाबून ठेवणं किती महाग पडतं हे मला जालन्यानंतर कळलं.

मोजायची पद्धत एकच : टाकी ते टाकी. नोझलनं पहिला कट मारला, म्हणजे टाकी भरून ते आपोआप बंद झालं, की थांबायचं, ट्रिप शून्य करायची, पुढच्या पंपावर पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरायचं आणि किलोमीटरला लिटरनं भागायचं. "राउंड फिगर करू का?" याला उत्तर नाही असंच द्या. एक तर मोजमाप बिघडतं, दुसरं म्हणजे गळ्यापर्यंत भरलेलं पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात उतरू शकतं आणि तो डबा खराब होतो. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. माझ्या गाडीनं चारही दिवस एक ते पावणेदोननं जास्तच दाखवलं. आणि आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलमध्ये लिटरमागं ऊर्जा साधारण तिसऱ्या हिश्शानं कमी असते. म्हणजे सहा-सात टक्क्यांचा फटका टाकीत पडतानाच बसलेला असतो, तो चालकाच्या माथी मारू नये.

पहिला दिवस. पाडळसिंगीचा टोल, बीड, मग मांजरसुंब्याचा घाट. मला सगळी भीती या घाटाचीच होती. भीती निराधार निघाली. घाट छोटा आहे, तिसऱ्या गिअरला, इंजिनाच्या अडीच हजार फेऱ्यांवर गाडी निवांत चढली. पाचव्यात ठेवून पाय तळाला टेकवणं ही इथली नेहमीची चूक. कमी फेऱ्यांवर पूर्ण पाय दिला की टर्बो सगळा जोर लावतो आणि पेट्रोल पितो. उतारावर गाडी न्यूट्रल करू नका. गिअरमध्ये ठेवून पाय काढला की इंजेक्टर बंद होतात, पेट्रोल शून्य. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जातंच, शिवाय ब्रेक तापतात. बाकी सोलापूर-धुळे महामार्ग चारपदरी आहे, ८५ ते ९० वर सहावा गिअर धरून बसलो. २७१ किमीला १५.६ लिटर. तुळजापूरचं दर्शन चांगलं झालं, मुक्काम चांगला झाला, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी लातूर सोडून नांदेडच्या रस्त्याला लागलो आणि अहमदपूरच्या अलीकडे एका पंपावर थांबलो. तुळजापूरच्या फुल टाकीपासून १४२ किमी झाले होते. पोरानं विचारलं, "पॉवर टाकू का साहेब?" मी साधंच सांगितलं. दुसरा पोरगा काच पुसायला पुढं आला, मी त्याच्याशी बोलत राहिलो. कट मारला तेव्हा मीटर १०.१ लिटरवर होतं. मी पैसे दिले आणि गाडीत बसल्यावर भागाकार केला : १४. चारपदरी सपाट रस्ता, ऐंशीची चाल, आणि १४? आदल्या दिवशी हीच गाडी घाट चढून १७.४ देऊन आली होती.

गाडी बाजूला लावून परत गेलो. छापील बिल मागितलं, "प्रिंटर बंद आहे". मग पाच लिटरचं माप मागितलं. हे माप प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं, त्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असतो आणि ग्राहकानं मागितलं तर मोजून दाखवावंच लागतं. पाच लिटरला २५ मिलीपर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त नाही. पाच-दहा मिनिटं टाळाटाळ झाली, पण माप आलं. भरलं. बरोबर निघालं, अगदी रेघेवर.

तिथं मी क्षणभर गप्प झालो. मशीन प्रामाणिक असेल तर जवळपास दोन लिटर गेले कुठं? मग आठवलं : माझ्या पुढं एक मोटारसायकल होती, तिनं दोनशेचं टाकलं होतं, आणि ती हलताच तेच नोझल, जागेवर न टांगता, थेट माझ्या टाकीत आलं होतं. नोझल टांगून पुन्हा उचललं की मीटर शून्य होतं. टांगलंच नाही तर आधीच्या गिऱ्हाइकाचे दोनशे माझ्या बिलात चालू राहतात. चोरी मशीनमध्ये नव्हतीच, ती शून्यात होती. मी हे मोठ्यानं सांगितल्यावर आतून व्यवस्थापक आला. "साहेब, कशाला ताणायलाव, दोनशेचाच विषय हाय ना," म्हणत त्यानं नोट पुढं केली. मी घेतली. ते दोनशे वजा करून हिशेब केला तर ॲव्हरेज १७ च्या थोडं वर जातं, म्हणजे आदल्या दिवसासारखंच.

यात माझे दोनशे परत आले, पण दिवसभरात किती जणांचे जात असतील याचा विचार रात्री नांदेडला पोहोचेपर्यंत डोक्यातून गेला नाही. म्हणून एवढं कराच : पंपावर गाडीतून उतरा. नोझल टांगलेलं असताना मीटरसमोर उभे राहा, शून्य स्वतः बघा, मगच "टाका" म्हणा. काच पुसायला कुणी आलं तर पुसू द्या, नजर मीटरवर ठेवा. आणि मोटारसायकलीच्या मागं लागलात तर दुप्पट सावध राहा. ॲव्हरेज अचानक पडलं की लोक गाडीला दोष देतात, सर्व्हिस सेंटरला जाऊन प्लग बदलून घेतात. आधी शेवटचा पंप आठवा.

नांदेडला गुरुद्वाऱ्यात जाऊन आलो, टाकी पुन्हा फुल केली आणि पहाटे सहाला वसमतमार्गे परभणीकडे निघालो. नांदेडलाच भरून घेण्याचं कारण म्हणजे परभणी. २०२१ मध्ये पेट्रोलनं शंभरी गाठली तेव्हा परभणीचं नाव देशभर झालं होतं. तिथं इंधन मनमाडजवळच्या पानेवाडीहून टँकरनं येतं आणि वाहतुकीचा खर्च दरात मिसळून ते महाग पडतं.

परभणी ते जिंतूर. "रस्ता झालाय आता" असं मला तिघांनी सांगितलं होतं. मी गेलो तेव्हा जिंतूरच्या अलीकडे एका बाजूचं सिमेंट झालेलं, दुसऱ्या बाजूला वळणरस्ता, आणि जिथं सिमेंट संपतं तिथं अर्धा फुटाची धार. सांगणारे बहुधा झालेल्या तुकड्याबद्दल बोलत होते. वळणरस्ता काळ्या मातीचा. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून फाटते, त्यामुळे तिच्यावरचा डांबराचा थर लाटा मारतो. समोरून टिप्पर आला की पुढचं शंभर फूट धूळ, काहीच दिसत नाही. गाडी दुसऱ्या गिअरला पंधरावर, मग चाळीसवर, मग पुन्हा पंधरावर. टर्बो गाडीला हा सगळ्यात वाईट प्रकार. दीड हजार फेऱ्यांखाली तिच्यात दम नसतो, म्हणून पाय जास्त जातो, टर्बो भरतो तोवर समोर खड्डा, आणि लावलेलं सगळं पेट्रोल ब्रेकमध्ये जिरतं. दोनदा खालून घासली. कंबर आणि डोकं दोन्ही दुखत होतं. लहान चाकांची, खाली बसलेली हॅचबॅक घेऊन हा तुकडा करू नका, निदान अंधारात तर नकोच. करावाच लागला तर दुसरा गिअर धरून एका लयीत पंचवीसवर चला, प्रत्येक मोकळ्या पन्नास फुटांवर वेग घेऊ नका.

मंठ्यामार्गे जालना. २१९ किमी, १४.४ लिटर. १५.२ आले. एवढ्या रस्त्यानंतर हे मला वाईट वाटलं नाही.

जालन्यात दुपारचा एक वाजला होता. वैजापूरला बहीण जेवायची थांबली होती, सकाळच्या रस्त्यानं मी वैतागलेलो होतो, आणि समोर समृद्धी. मोकळी, सरळ, मर्यादा १२०. क्रूझ (वेग आपोआप धरून ठेवणारी सोय) ११८ वर लावला आणि पाय मोकळे केले. खरं सांगतो, पहिली वीस मिनिटं फार आनंदाची होती. वैजापूरला टाकी भरली : १३१ किमी, ९.७ लिटर. साडेतेरा. खड्ड्यांतून आलेल्या गाडीहून पावणेदोननं कमी. या वेळी शून्य बघितलं होतं, बिल हातात होतं, शंकेला जागा नव्हती.

कारण साधं आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ९० ऐवजी १२० ला तो पावणेदोन पटीहून थोडा जास्तच होतो. त्यात मे महिन्याच्या दुपारी आपल्याकडे वारा पश्चिमेचा, आणि जालन्याहून वैजापूर पश्चिमेला. समोरून वीसचा वारा असला तर हवेच्या दृष्टीनं गाडी १४० नं पळतेय. मोठं इंजिन हे सोसतं. छोटं टर्बो इंजिन तासभर सलग टर्बोवरच चालतं, वर बाहेर ४२ अंश. १३.५ हा दोष गाडीचा नाही, ११८ चा आहे.

हे खरं की नाही बघायला दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला त्याच रस्त्यानं परत निघालो, डावी लेन, क्रूझ ९० वर. जांबरगावपासून सावंगीपर्यंत ट्रक सोडले तर सगळे मला ओलांडून गेले. जाऊ द्या त्यांना. अंतर कमी होतं, पंप ते पंप ७४ किमी, त्यामुळे कट थोडा मागंपुढं झाला तर आकडा हलू शकतो. सकाळचा गारवाही मदतीला होता. तरी फरक एवढा मोठा की मी पंपावरच दोनदा भागाकार केला.

जालना-वैजापूरचा हिशेब पुन्हा मांडा. समृद्धीवरचं अंतर धरलं तर ९० ऐवजी १२० ला वीस मिनिटं वाचतात. पेट्रोल अडीच लिटरहून जास्त जातं, म्हणजे आजच्या दरानं पावणेतीनशे रुपये, टोल वेगळा. टायरचा ताण आणखी वेगळा : उन्हात सिमेंटवर १२० नं जायचं असेल तर हवा घरून निघताना, टायर थंड असताना, दाराच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याएवढी भरा. "उन्हाळा आहे, दोन पॉइंट कमी ठेवतो" म्हणणाऱ्या पंक्चरवाल्याचं ऐकू नका, कमी हवेचा टायर जास्त तापतो. आणि टाकी जालन्यातच भरून वर चढा, महामार्गावर पंप विरळ आहेत. उतरल्यावर लगेच इंजिन बंद करू नका, मिनिटभर चालू ठेवा, टर्बोला तेल मिळत राहतं.

माझं मत आता पक्कं आहे. संभाजीनगरहून तुळजापूर, लातूर, नांदेड करायचं असेल तर ९० च्या आत ही गाडी सतरा देते आणि घाटात कुणालाही ऐकत नाही. वीस कुणी सांगितलं तर ते मोजलं कसं तेवढं विचारा. जिंतूरचा तुकडा टाळा. समृद्धीवर चढा, पण ९० नं.

सावंगीच्या पुढच्या पंपावर मी दार उघडून मशीनसमोर उभा राहिलो. पोरानं नोझल टांगलं, पुन्हा उचललं आणि स्वतःहून म्हणाला, "झिरो बघा काका." बघितला. पहिल्या कटला ४.० लिटर. साडेअठरा.