बांधता एवढं, मग वाटून का टाकता?

घरी येणारा माणूस टेबलावरचा व्हाइस (गळ घट्ट धरून ठेवणारा शिकंजा) बघतो, त्यात पकडलेला गळ आणि शेजारच्या पिसांच्या डब्या बघतो, आणि चहा संपायच्या आत विचारतोच: ताई, एकेका फ्लायसाठी डोळ्यांत तेल घालून बसता आणि झाल्या की पाकिटात घालून लोकांना पाठवून देता. तुमच्याकडे राहतं काय? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि जरा सविस्तर सांगते.

फ्लाय म्हणजे गळावर पिसं, दोरा, लोकर, तार बांधून केलेला नकली किडा किंवा नकली बारका मासा. हे फार जुनं काम आहे. इसवी सन 200 च्या आसपास एलियन नावाच्या रोमन लेखकानं लिहून ठेवलंय की मॅसिडोनियातले लोक गळाला लाल लोकर गुंडाळतात आणि कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसं त्यावर बांधतात. लाल लोकर आणि कोंबड्याचं पीस! माझ्या टेबलावर आजही तेच आहे.

लोकांना वाटतं सगळं सामान परदेशातून येत असणार. गळ आणि बारीक दोरा बाहेरचा असतो खरा, पण उरलेलं इथलंच. ब्रॉयलरचं पीस काही कामाचं नाही. तो पक्षी पाच-सहा आठवड्यांतच कापला जातो, त्याच्या मानेवर लांब, निमुळतं पीस यायला वेळच मिळत नाही. पीस हवं पूर्ण वाढलेल्या देशी कोंबड्याचं, आणि आपल्या शेजारी झाबुआत कडकनाथ आहे. 2018 साली त्याला जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचा दर्जा, मिळाला तो मांसासाठी, पण मी त्याच्याकडे बघते ते मानेसाठी. काळं पीस, उजेडात धरलं की हिरवट झाक. साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचं, सावलीत वाळवायचं आणि डांबरगोळीसोबत डबीत बंद करायचं, नाहीतर कसर लागते. तांब्याची तार मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून, केसाइतकी बारीक. इंग्लंडमधल्या एव्हन नदीवर राखणदारी करणाऱ्या फ्रँक सॉयरनं तर दोरा सोडूनच दिला होता. फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या तंतूंची त्याची प्रसिद्ध फ्लाय तो नुसत्या तांब्याच्या तारेनं बांधायचा. आणि चमक हवी असेल तर महेश्वरी साडीच्या काठाची जर. फाटक्या साडीचा काठ मी कुणालाही टाकू देत नाही. हल्लीची बरीचशी जर प्लास्टिकच्या पट्टीवर धातूचा मुलामा दिलेली असते. साडीसाठी ती खालच्या दर्जाची असेल, पण पाण्यात काळी पडत नाही.

माझी आवडती फ्लाय साधीच आहे. बारा नंबरचा गळ (नंबर जितका मोठा तितका गळ लहान), मागे लाल लोकरीचा बारीक शेंडा, अंग मोरपिसाच्या तंतूंचं, पुढे कडकनाथचं एक पीस. जुन्या इंग्रजी रेड टॅगच्या जवळची, फक्त तिच्यात पीस तांबूस असतं. अवघड आहे तो मोरपिसाचा तंतू. त्यावरची लव पाण्यात जिवंत दिसते, पण तंतू इतका ठिसूळ की माशाच्या दातानं एका झटक्यात तुटतो आणि सगळं अंग उलगडतं. म्हणून तीन-चार तंतू दोऱ्याभोवती पीळ देऊन गुंडाळायचे आणि वरून तांब्याची तार उलट्या दिशेनं न्यायची. तंतू उजवीकडून वळवले असतील तर तार डावीकडून, म्हणजे ती प्रत्येक वेढ्याला आडवी छेदते आणि एक तंतू तुटला तरी बाकीचे जागेवर राहतात. शेवटी पिसाचे दोन-तीन वेढे, जास्त नकोत, आणि गळाच्या नेढ्याशी दोऱ्याचं डोकं, त्यावर वॉर्निशचा थेंब.

आता तुमचा प्रश्न. ही उलटी तार मला कुठल्या पुस्तकानं नाही शिकवली. हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउट माशामागे फिरणाऱ्या एका गृहस्थांची फ्लाय फेरीत माझ्याकडे आली, तिनं शिकवली. फेरी म्हणजे असं: जितके जण सामील, प्रत्येकानं एकाच नमुन्याच्या तितक्या फ्लाय बांधायच्या, प्रत्येकीला नावाची चिठ्ठी अडकवायची आणि सगळ्या एकाकडे पाठवायच्या. तो वाटणी करतो आणि प्रत्येकाच्या पाकिटात प्रत्येकाची एक येते. मग मी ब्लेड घेते आणि एकेक फ्लाय उलगडते. शेवटचा वेढा आधी सुटतो, पहिला शेवटी. त्या माणसानं कुठे दोरा घट्ट ओढला, कुठे घाई केली, पीस टोकाकडून बांधलं की देठाकडून, सगळं उलट्या क्रमानं समोर येतं. फोटोत हे दिसत नाही. फोटोत फक्त वरचं अंग दिसतं.

आणि माझ्या जातात त्यांचंही तेच होतं. कुणी उलगडतं, कुणी पाण्यात नेतं. चेलव्यांनी कुरतडून लव गेलेली, लोकर लोंबणारी फ्लाय परत येते, सोबत दोन ओळी: तिसऱ्या माशाला पीस सैल झालं. डबीत ठेवून मला हे कधी कळलं असतं? काहीजण सॅमन माशासाठीच्या सुंदर, रंगीत फ्लाय बांधून काचेच्या चौकटीत लावतात. त्यांचा हात माझ्यापेक्षा कितीतरी स्वच्छ आहे, पण माझ्या मते फ्लाय ही पाण्यात जायची वस्तू आहे आणि चार अनोळखी माशांसमोर तिची परीक्षा व्हायला हवी. एकटी मी किती पाण्यांवर पोहोचणार?

म्हणून वाटते. तरी काही गोष्टी मी पाठवत नाही. राखी रानकोंबड्याच्या मानेवरच्या मेणचट ठिपक्यांसाठी जुने इंग्रज बांधणारे वेडे होते. तो संरक्षित पक्षी आहे, त्याचं पीस माझ्या घरात येत नाही. गळून पडलेलं मोरपीस देशात ठेवता येतं, परदेशी पाठवता येत नाही, त्यामुळे बाहेरच्या मित्रांसाठी अंग लोकरीचं. महाशीर हा 2011 पासून आपल्या मध्य प्रदेशाचा राज्यमासा आहे आणि नर्मदेतून तो कमी होत चाललाय. जिथे परवानगी आहे तिथेच गळ, लागला तर पाण्यातल्या पाण्यात सोडायचा, आणि घाटावर जिथे लोक पिठाच्या गोळ्या घालतात तिथे मुळीच नाही. माझ्याकडून जाणाऱ्या प्रत्येक गळाचा टोकामागचा उलटा दात मी आधीच पक्कडीनं चेपून टाकते. ज्यांना हे पटत नाही त्यांना माझ्या फ्लाय मिळत नाहीत.

16 जून ते 15 ऑगस्ट आपल्याकडे मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ. तेच आमचे बांधायचे दिवस. यंदाची फेरी वुली बगर नावाच्या फ्लायची: पेनसिल्व्हेनियातल्या रसेल ब्लेसिंगनं 1967 मध्ये बांधलेली, मऊ पिसांची शेपटी आणि अंगभर गुंडाळलेलं कोंबड्याचं पीस. मरळ तिच्यामागे जोरात येते. एकेका फ्लायला एक लांब पीस लागतं, तेव्हा झाबुआकडे कुणी जाणार असेल तर पूर्ण वाढलेल्या कडकनाथच्या मानेची पिसं माझ्यासाठी बघा. जुन्या महेश्वरीचा काठ असेल तर तोही द्या. कुठल्या पाण्यावर, कुठल्या माशासाठी हवी ते सांगा, तुमच्या जरीची फ्लाय तुम्हालाच बांधून देईन.