तुम्ही विचारलंत म्हणून: आईचं दुखणं

‘वेदनेवर पीएचडी केलीस ना, मग आईचं दुखणं का नाही थांबवता आलं?’ लग्नात, बारशाला, आईच्या तेराव्यालासुद्धा हे विचारून झालंय. दरवेळी मी चहाचं बघते म्हणून आत जाते. आज नाही जात.

माझं काम सबस्टन्स पी या रेणूवर होतं. 1931 साली फॉन ऑयलर आणि गॅडम यांना तो घोड्याच्या मेंदूत आणि आतड्यात सापडला. पी म्हणजे पेन असं सगळे समजतात आणि खोटं कशाला बोलू, मीही तो समज दूर करत नसे. तो पी साध्या पावडरचा आहे.

11 अमिनो आम्लांची ही साखळी. भाजलं, चिरलं की त्वचेतले बारीक तंतू मज्जारज्जूच्या मागच्या भागात निरोप पोचवतात. तातडीचा निरोप ग्लुटामेट या रसायनाचा. मारा जोराचा असेल तर मागोमाग सबस्टन्स पी सुटतं, पुढच्या पेशीवरच्या एनके-1 ग्राहीला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं आणि तिला बराच वेळ चेतवून ठेवतं. मग बारीकसारीक निरोपानेही ती पेशी पेटते.

1996 मध्ये आईला डाव्या बरगडीवर नागीण झाली. पुरळ वाळलं, दुखणं राहिलं. ब्लाउज सोसवेना, पंख्याचा वारा लागला तरी अंग चोरायची. शेजारच्या काकूंनी गेरू लावायला सांगितला, तर मी त्यांना अडाणी ठरवून मोकळी झाले आणि डॉक्टरांना विचारून कॅप्सेसिनचं मलम आणलं. कॅप्सेसिन म्हणजे मिरचीचा तिखटपणा. कॅलेंडरच्या पाठीवर चित्र काढून मी आईला समजावलं: याने तंतूंमधला सबस्टन्स पीचा साठा रिता होतो, साठा संपला की दुखणं संपलं. दिवसातून चारदा लावायचं. सुरुवातीला आग होईल.

तिसऱ्या रात्री जाग आली तर मोरीत दिवा. आई पाटावर बसून बरगडीवर ओला पंचा दाबत होती. म्हणाली, “अगं, मिरचीच लावायची होती तर घरात काय कमी होती?” मी म्हटलं, अजून चार दिवस कळ काढ. तिने काढली. मी रोज वहीत शून्य ते दहामधला आकडा लिहून घेत होते. आठ, आठ, नऊ, आठ. सातव्या दिवशी तिने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं. “सहा लिही,” म्हणाली.

मी सहा लिहिलं. गाइडना सांगितलंही, की फरक पडतोय.

आता माझी बाजू. ते मलम काही भोंदूगिरी नव्हती. नागिणीनंतरच्या दुखण्यावर डॉक्टर ते देत, काहींना उपयोगही होतो. साठा रिता होण्याचं स्पष्टीकरण मात्र मागे पडलं. तंतूंची टोकंच काही काळ निकामी होतात, असं आता मानतात. आणि एनके-1 अडवणारी औषधं? प्राण्यांत छान चालली, माणसांच्या वेदनेवर फसली. त्यांतलं अप्रेपिटंट 2003 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, ते केमोथेरपीच्या उलट्यांसाठी. तेव्हा मला हे कुठून कळणार होतं?

पण 1996 मधल्या त्या मुलीला हे ऐकवायला गेले की ती उलट विचारते: आठ आकडा कळायला कुठला शोधनिबंध लागत होता? प्रयोगशाळेतले आमचे उंदीर दुखरा पंजा किती वेळ चाटतात ते आम्ही घड्याळ लावून मोजायचो. माझं मन राखायला त्यांच्यातल्या एकानेही कधी कमी चाटलं नव्हतं.

पुढे डॉक्टरांनी नैराश्यावरची एक जुनी गोळी कमी मात्रेत दिली, त्याने आईला झोप तरी लागू लागली. मलम थांबवलं ते तिनेच. मला न विचारता.

काकू भेटल्या की अजून म्हणतात, गेरूने निदान गार तरी वाटलं असतं. मी अजूनही त्यांच्याशी वाद घालते.