इराणी खुर्चीची पाठ: तिसरी काठी एकदाची वाकली

आधीच्या दोन काठ्या वाया गेल्या, हे मागच्या नोंदींत आलंच आहे. शनिवारी तिसरी वाकली.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: भंगारातून आणलेल्या इराणी हॉटेलछाप खुर्चीच्या पाठीतली आतली कमान गायब होती, ती बनवतोय. नमुना थोनेट या जुन्या युरोपीय खुर्ची-कारखान्याच्या १४ नंबरच्या खुर्चीचा. माझी खुर्ची त्यांच्याच कारखान्यातली असेल असं मात्र समजू नका. १८६९ मध्ये पेटंट संपलं आणि युरोपभर नकला सुरू झाल्या. खाली शिक्का वगैरे काही नाही.

पहिली काठी सागाची होती, तो मूर्खपणाच. दुसरी चांगली बीच या युरोपीय लाकडाची, पण नुसती वाफवून साच्यावर ओढली आणि बाहेरच्या अंगाने ‘काड्’ करून चिरफळ्या निघाल्या. कारण साधं आहे. वाफेने मऊ झालेलं लाकूड आतल्या बाजूने भरपूर दबतं, पण बाहेरून जेमतेम एक-दोन टक्के ताणलं जातं. म्हणून या वेळी काठीच्या बाहेरच्या अंगाला पोलादी पट्टी लावली आणि पट्टीच्या दोन्ही टोकांना काठी घट्ट अडेल असे लाकडी ठोकळे बसवले. आता बाहेरच्या बाजूला ताणायला जागाच नाही, सगळा दाब आत जातो.

हीच त्या कारखान्याच्या संस्थापकाची, मिशाएल थोनेटची, खरी युक्ती. आधी जर्मनीतल्या बोपार्ट गावी असताना तो लाकडाच्या पातळ पट्ट्या सरसात उकळून एकमेकींना चिकटवायचा. दमट देशांत गेलेला तो माल सुटायला लागला. (आपल्या कोकणातल्या एका पावसाळ्यात काय झालं असतं, बोलायलाच नको.) मग अख्खं लाकूड वाकवायचं पेटंट १८५६ मध्ये आणि १४ नंबर १८५९ मध्ये. सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावायच्या. माझ्या खुर्चीत आधीच्या मालकाने निम्म्या स्क्रूंच्या जागी खिळे ठोकलेत. त्याला काय म्हणावं!

वाफेसाठी पाच लिटरचा कुकर, शिट्टी काढून त्या नळीला रबरी पाइप, पुढे प्लायवूडची लांबट पेटी. पेटीच्या तोंडाला फडकं कोंबलंय, बूच मारायचं नाही. एक इंच जाडीला एक तास. बाहेर काढल्यावर हातात अर्धं मिनिटही नसतं, म्हणून क्लॅम्प आधीच उघडून ठेवले होते. तरी भावाने एक उलटा धरला, आणि आतल्या अंगाला दोन सुरकुत्या आल्या. कानशीने जातील.

हे करताना घरातल्या डायनिंग टेबलाच्या खुर्चीचं कोडं सुटलं. तिची पाठही गोल आहे, पण फळीतून कापून काढलेली. वळणावर लाकडाच्या रेषा आडव्या तुटल्यात आणि भेग नेमकी तिथेच गेलीय. याउलट डॅनिश डिझायनर हान्स वेगनरच्या १९४९ च्या विशबोन खुर्चीची पाठ वाफेने वाकवलेली, रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. आजच्या बऱ्याच खुर्च्यांनी वळण उचललं, रेषा सोडून दिली.

कमान साच्यातच आठवडाभर वाळणार. सोडली की थोडी उघडते, म्हणून साचा अर्धा इंच अरुंद केलाय. पुढच्या नोंदीत बैठकीचा वेत.