एका दिवसात चार वेळा बाळंत झाले

गेल्या आठवड्यात मी बाळंत झाले, एका दिवसात चार वेळा. स्किल लॅबमध्ये हो, म्हणजे डमीवर सराव करायच्या खोलीत! नर्सिंगच्या मुलींना पीपीएच शिकवायचं होतं, म्हणजे डिलिव्हरीनंतरचा जास्तीचा रक्तस्राव. आमच्याकडे मामा नॅटली नावाचं मॉडेल आहे, ते टीचरने पोटावर बांधून बेडवर झोपायचं, आत बाळ, नाळ, वार सगळं आणि लाल पाण्याची पिशवी, तिचा कंट्रोल आपल्या हातात, गर्भाशय कडक करायचं की ढिलं ठेवायचं तेही आपणच ठरवायचं. खराब होईल म्हणून इतके दिवस ते कपाटात कुलपात होतं, त्यावर नको बोलायला.

तर बाळ झालं, वार पडली, मी पाणी सोडलं. ५०० मिलीच्या वर म्हणजे पीपीएच हे सगळ्यांना पाठ, पण चादर भिजतेय आणि एक म्हणते, "दोनशे असेल ना गं?" मी मोजून भरलं होतं, साडेसहाशे गेलं होतं! एक ऑक्सिटोसिन, म्हणजे गर्भाशय आवळायचं इंजेक्शन, शोधतेय, दुसरी सलाईन, पोटावर हात ठेवून गर्भाशय चोळायचं मात्र कुणाला सुचेना. सगळ्या पायाकडे, डोक्याशी कुणीच नाही. मी कण्हतेय, "सिस्टर, डोळ्यापुढे अंधारी येतेय हो", तर उत्तर आलं, "मॅडम, एक मिनिट!"

अमेरिकेत हार्टफर्डच्या हॉस्पिटलने १९११ मध्ये नर्सेसना शिकवायला माणसाएवढी बाहुली आणली होती, बाहुल्या बनवणाऱ्या मार्था चेस बाईंकडून, त्या बाहुलीला मिसेस चेसच म्हणायचे. पण ती बिचारी कण्हत नव्हती ना.

तिसऱ्या वेळी एक एरवी गप्प असणारी मुलगी उशाशी आली, मनगट धरलं आणि म्हणाली, "ताई, माझ्याकडे बघा, पोट दाबणार आहे, दुखेल थोडं." तिने नीट चोळलं, मी गर्भाशय कडक केलं, पाणी बंद.

नंतर डीब्रीफिंगला, म्हणजे काय घडलं त्यावर बोलायला, गोल करून बसलो. आधी मी चुकांची यादीच वाचायचे, आता नुसतं विचारते काय झालं म्हणून. पहिल्या ग्रुपमधली एक बराच वेळ गाऊनचा लाल डाग चोळत बसली होती, मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही कण्हताय ते ऐकू येत होतं, पण काय बोलायचं कळेना, म्हणून ऐकलंच नाही असं केलं."

मला माझी लेबर रूमची पहिली पोस्टिंग आठवली. तेव्हा डमी वगैरे काही नव्हतं, पेशंट खरी होती आणि मी भिंतीला टेकून पॅड मोजत होते.

बुधवारी परत बाळंत व्हायचंय, यावेळी दाराशी ओरडणारा नवरा पण आहे, लॅबचे काका तयार झालेत.