दहा हजारांचा आकडा आणि जेवणानंतरची पंधरा मिनिटं

माझी धाकटी बहीण रात्री सगळी निजानीज झाली की घरातल्या घरात फेऱ्या मारते. मनगटावरच्या घड्याळात तीनचारशे पावलं कमी दिसत असतात म्हणून. "अगं, झोप आता," म्हटलं तर म्हणते, "दहा हजार झाल्याशिवाय मला झोप लागत नाही, ताई."

हा आकडा कुठल्या डॉक्टरने ठरवलेला नाही. टोकियो ऑलिंपिकच्या पुढच्या वर्षी, १९६५ मध्ये, जपानमधल्या यामासा कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं आणि त्याच्या नावातच दहा हजार पावलं घातली. तिथून तो जगभर पसरला. पुढे २०१९ मध्ये आय-मिन ली या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सोळा हजारांवर वयस्कर बायकांची पावलं मोजली. सरासरी वय ७२. रोज साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा बरंच कमी निघालं, आणि साडेसात हजारांच्या पुढे फारसा फरक पडेना. (चालत होत्या म्हणून जगल्या, की तब्येत धड होती म्हणून चालत होत्या, हे अशा मोजणीतून पुरतं सुटत नाही. पण दहा हजारांचा धाक घ्यायचं कारण नाही, एवढं तरी कळतं.)

माझा स्वतःचा रस वेगळ्या गोष्टीत आहे : कधी चालायचं. काम हिशेबाचं, दिवसभर खुर्चीत. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अहवाल काठावर आला, तेव्हा डॉक्टरांनी पावलांबद्दल अवाक्षर काढलं नाही. "जेवलात की लगेच बसू नका," एवढंच म्हणाल्या.

त्याचं कारण मला फार आवडलं. जेवल्यावर तासाभराच्या आसपास रक्तातली साखर सर्वांत वर चढते. ती स्नायूंच्या पेशींत ओढून घेणारी ग्लुट-४ नावाची प्रथिनं असतात. एरवी इन्सुलिनचा इशारा मिळाला की ती पेशीच्या पृष्ठभागावर येतात. पण स्नायू आकुंचन पावायला लागला की इन्सुलिनची वाट न बघताच ती वर येतात. म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करत नाही, त्यांच्याही मांड्या-पोटऱ्या चालताना साखर खेचतच असतात. २०१३ मधला एक छोटा प्रयोग आहे, माणसं जेमतेम दहा, सगळी साठी गाठलेली आणि साखर काठावर असलेली. तिन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटं चालल्यावर रात्रीच्या जेवणानंतरची साखर जेवढी खाली राहिली, तेवढी ती सकाळी किंवा दुपारी सलग ४५ मिनिटं चालून राहिली नाही. दहा माणसांवरून कायदा करता येत नाही, पण माझ्या शतपावलीला तेवढा आधार पुरला. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी मात्र आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं, साखर फार उतरण्याचा धोका असतो.

वेगाचं गणित सोपं आहे. मिनिटाला साधारण शंभर पावलं पडली की तो मध्यम व्यायाम. मोजायचा कंटाळा असेल तर चालताना बोलून बघा. बोलता यायला हवं, गाणं म्हणायला दम पुरता कामा नये. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला असा १५० ते ३०० मिनिटांचा व्यायाम सांगते. सलग दहा मिनिटं तरी हवीत ही जुनी अटही त्यांनी २०२० मध्ये काढून टाकली. मला ती अट गेल्याचा फार आनंद झाला, कारण फोनवर बोलताना मी मारते त्या फेऱ्याही आता हिशेबात धरता येतात.

चालून गुडघे झिजतील अशी भीती घालणारे भेटतातच. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. पाऊल पडलं की ती स्पंजासारखी दाबली जाते, उचललं की सांध्यातला द्रव शोषून घेते, आणि त्यातूनच तिचं पोषण होतं. सूज असेल, गुडघा लॉक होत असेल, तर गोष्ट वेगळी. चालताना छातीत दडपण आलं तर मात्र लगेच थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा, उद्यावर टाकायचं नाही.

वजनाबद्दल माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. अर्धा तास चालून जेवढं जळतं, तेवढं चार घासांत भरून येतं. शिवाय चालण्याने हातांची आणि पाठीची ताकद वाढत नाही. त्यासाठी आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंचा वेगळा व्यायाम लागतो. सध्या मी भिंतीला हात टेकून दंड काढते आहे आणि मला ते अजिबात आवडत नाही.