कुनो: चित्त्यासाठी निघण्याआधी हे वाचा

मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात चित्ता दिसेलच अशी खात्री कोणी देत असेल तर तो खोटं बोलतोय. मला ती एका एजंटने फोनवर दिली होती. म्हणे, प्रत्येक चित्त्याच्या गळ्यात कॉलर आहे, त्यामुळे लोकेशन आपल्याला कळतं. कॉलर आहे हे खरं. पण लोकेशन कळतं वनखात्याच्या ट्रॅकिंग पथकाला, जिप्सीवाल्याला नाही. बरेच चित्ते मोठ्या कुंपणांच्या आत असतात आणि तिथे पर्यटकांना नेत नाहीत. मोकळे सोडलेले काही तर ७४८ चौरस किलोमीटरचं उद्यान ओलांडून शेतांमधून पार राजस्थानपर्यंत जाऊन आलेत.

मी गेलो तो सह्याद्रीमुळे. ताडोबाची वाघीण चांदोलीत आणून सोडली, आणखी वाघ यायचे आहेत. त्यावरून आमच्याकडे घरोघरी वाद चाललेत. असाच प्रयोग जिथे आधी झालाय, तिथले लोक काय म्हणतात हे ऐकायचं होतं. ते ऐकून आलो आणि त्यासाठी जाणं सार्थकी लागलं. सफारीसाठी नाही.

मुंबईकडून दिल्लीला कोटामार्गे जाणाऱ्या गाडीने सवाई माधोपूरला उतरा, तिथून चंबळ ओलांडून श्योपूर. ग्वाल्हेरहून शिवपुरी, पोहरीमार्गेही येता येतं. एजंट श्योपूरमधलं हॉटेल 'पार्कजवळ' म्हणून गळ्यात मारतात. ते जवळ नाही. टिकटोली गेट कराहलच्या पुढे, सेसईपुऱ्याच्या बाजूला आहे. सकाळच्या सफारीसाठी गोठवणाऱ्या थंडीत, मिट्ट काळोखात गाडी हाकावी लागते आणि गेटवर पोहोचेपर्यंत अंग मोडून जातं. राहायचं तर सेसईपुऱ्याच्या आसपासच राहा. पेट्रोल मात्र श्योपूरमध्ये भरून घ्या.

आता पैशांचं. फोनवर ठरलेली रक्कम जिप्सीत बसेपर्यंत जवळजवळ दुप्पट झाली होती. परवाना वेगळा, गाइड वेगळा, इथवर ठीक. पण 'चीतावाला एरिया' दाखवण्याचे म्हणून आणखी पैसे मागितले. पावती मागितली तर उत्तर नाही. पहाटे, कडाक्याच्या थंडीत, इतक्या लांब आल्यावर माणूस भांडत नाही, देऊन मोकळा होतो, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. आजही त्याचा संताप येतो. परवाना मध्य प्रदेश वनविभागाच्या पोर्टलवरून स्वतः काढा. जिप्सीचे दर गेटवर विचारा, पावतीशिवाय एक रुपया देऊ नका. चित्त्याच्या नावाने जास्तीचे पैसे कोणी मागितले तर सरळ खाली उतरा. आम्हाला चितळ, नीलगायी आणि एक बिबट्या दिसला. चित्ता नाही.

उरलेला वेळ मी गेटबाहेरच्या गावांत घालवला. तुम्हीही तेच करा.

उद्यानाची ही सगळी तयारी मुळात चित्त्यासाठी नव्हतीच. गीरचे सिंह आणायचे म्हणून १९९८ नंतरच्या काही वर्षांत कुनोतली २४ गावं उठवली. त्यांत बहुतेक सहरिया आदिवासी. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत सिंह हलवायला सांगितलं, तरी गुजरातने दिले नाहीत. मग १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ आणि पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते आले. पुनर्वसनाच्या एका वस्तीत एक म्हातारे बाबा म्हणाले, ''शेर के लिए उठाया था, चीता आ गया। हमारा पानी नहीं आया।'' जंगलात त्यांच्याकडे सालईचा डिंक होता, मोह होता, तेंदूपत्ता होता. बदल्यात मिळालेली जमीन दगडाची निघाली, असं त्यांनी सांगितलं. शेजारी बसलेला त्यांचा पुतण्या चीता मित्र आहे. गावागावांतून असे लोक नेमलेत, चित्ता आला तर घाबरू नका, मारू नका हे समजावायला. त्याला वाटतं चित्त्यांमुळेच रस्ते येतील, रोजगार येईल. काका-पुतण्यांचं भांडण माझ्यासमोरच जुंपलं आणि दोघांचंही खरं होतं. रस्त्याकडेच्या जमिनी बाहेरचे लोक विकत घेताहेत, यावर मात्र दोघांचं एकमत.

गुरं-बकऱ्यावाल्यांचा राग वेगळा. मार्च २०२५ मध्ये ज्वाला नावाची मादी आणि तिची पिल्लं वासरावर तुटून पडली, तेव्हा लोकांनी दगड मारले. पुण्या-मुंबईत बसून त्यांना क्रूर ठरवणं सोपं आहे. ज्याच्या दावणीला एकच वासरू आहे त्याच्या जागी उभं राहून बघा.

मी स्वतः चित्त्याच्या बाजूचा आहे. आपल्याच लोकांनी मारून संपवलेला प्राणी, १९५२ मध्ये नामशेष जाहीर केलेला. कोल्हापूर दरबारात शिकारीसाठी पाळलेले चित्तेसुद्धा शेवटी आफ्रिकेतून आणावे लागायचे. तो परत यावा असं मनापासून वाटतं. पण पहिल्या वर्षभरात वीसपैकी सहा मोठे चित्ते आणि तीन पिल्लं मेली. सोडण्याची घाई झाली, हे माझं स्पष्ट मत आहे. याच मुलखात ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आफ्रिकेतले सिंह सोडले होते. ते गुरांवर आणि माणसांवर उठले, शेवटी मारावे लागले. डोबकुंडला त्यांच्यासाठी बांधलेल्या भिंतींबद्दल गावात कोणालाही विचारा, सांगतील. चांदोलीची गावंही आधी धरणासाठी आणि मग अभयारण्यासाठी उठलेली आहेत. तिथे वाघ सोडणाऱ्या अधिकाऱ्यांनी कुनोच्या गेटाच्या आत नाही, बाहेरच्या वस्त्यांत येऊन बसावं.

पालपूरचा किल्ला, नदी, करधईच्या झाडांचं रान सुंदर आहे. त्यावर इतरांनी भरपूर लिहिलंय.

गावांत जाताना एक काळजी घ्या. अंधार पडल्यावर अनोळखी रस्त्यांवर गाडी थांबवत, टॉर्च मारत फिरू नका. मे २०२३ मध्ये चित्त्यामागे रात्री फिरणाऱ्या ट्रॅकिंग पथकालाच गावकऱ्यांनी दरोडेखोर समजून मारहाण केली होती. दिवसा जा, आधी सरपंचाला किंवा चीता मित्राला भेटा, लेकरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. वस्त्यांत हिंदी चालते, म्हाताऱ्यांची बोली मात्र नीट कान देऊन ऐकावी लागते. १ जुलै ते ३० सप्टेंबर उद्यान बंद असतं. गावं बंद नसतात, पण पावसात वस्त्यांकडचे कच्चे रस्ते चिखलाचे होतात, तेव्हा लहान गाडी नेऊ नका.